‘मला’चं ‘मले’ करणारा व्हायरस

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

आज एकशे बारावे गाणे टाइप करून झाले. सकाळी बुद्धवंदना आटोपून बसलो, उठलो तेव्हा अंगणातली सावली सरकून भिंतीला लागली होती. दोन बोटांनी टाइप करणारा माणूस मी, मला दोन वर्षे लागली. आई गात गेली, मी वहीत उतरवत गेलो. मुलगी साधना नर्सिंगला अमरावतीला गेली आणि तिचा कॉम्प्युटर घरी रिकामा पडला, तेव्हापासून त्यावर मांडत गेलो.

ही आईची जात्यावरची गाणी. काही तिच्या आईची, बरीचशी तिने स्वतः रचलेली. एक माझ्यावरही आहे. ३ जानेवारीला पौर्णिमा आणि सावित्रीमाईंची जयंती एकाच दिवशी आली आहे. त्या दिवशी विहारात पुस्तक वाटायचे ठरले. आई आता एकोणऐंशीची. उजवा डोळा गेला, डाव्याने उजेड तेवढा कळतो. पुढच्या वर्षावर ढकलण्यासारखे हे काम नाही.

दुपारी तिने विचारले, “नागसेन, पुस्तकात मी राहीन ना बापू?”

“पहिल्याच पानावर तुझं नाव आहे. सुंदराबाई पंजाबराव तायडे.”

“नाव नाई इचारलं मी,” ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली. म्हातारपणी माणूस कशानेही रुसतो.

गाण्यांची भाषा मी शुद्ध करून घेतली आहे. अमरावतीला कॉलेजात पहिल्याच दिवशी मी ‘मले पुस्तक पायजे’ म्हणालो आणि अख्खा वर्ग हसला. गावच्या शाळेतून आलेला मुलगा, काय बोलणार. पुढचे तीन महिने मी बोललोच नाही. तीस वर्षे झाली, ते हसू अजून कानात आहे. माझ्या आईला कुणी तसे हसू नये.

संध्याकाळी तिला पहिले गाणे वाचून दाखवले:

दळण दळते मी, पीठ पडते पांढरे,
माझ्या लेकाच्या पाटीवर तशीच अक्षरे.

तिने मान डोलावली. म्हणाली, “लय चांगलं हाय. कोन्या बाईचं हाय हे?”

इतके आवडले तिला. बरे वाटले.

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळच्या एसटीने अकोल्याला जाऊन आलो. किशोरभाऊंच्या प्रेसमध्ये फाइल दाखवली. ते म्हणाले, “तायडेभाऊ, हे युनिकोड आमच्या जुन्या मशीनले पचत नाई. आमच्या फॉन्टमदी करून आना.”

घरी येऊन शोधले. ‘मोफत मराठी फॉन्ट बदला, एका क्लिकमध्ये’ असे एका ठिकाणी लिहिलेले दिसले. क्लिक मात्र एकाच्या जागी सात झाले. प्रत्येक वेळी ‘होय’ म्हणत गेलो. एवढ्या अदबीने कुणी विचारले तर नाही कसे म्हणायचे.

११ नोव्हेंबर

जिनिंग फॅक्टरीतल्या कामावरून आलो आणि कॉम्प्युटर लावला, तर पडदाभर लाल. मोठ्याने भोंगा वाजू लागला. ‘आपके कंप्यूटर में ४७ वायरस हैं, तुरंत फ़ोन करें.’ खाली नंबर होता. माझी बायको माया म्हणाली, “बंद करा ते, मायबाईंच्या छातीत धडधडून राहिलं.” आईला ती मायबाई म्हणते.

मी फोन केला. पलीकडचा माणूस फार सभ्य होता, हिंदीत बोलत होता. मी सांगतो ते एक ॲप टाका, मग मी इथूनच तुमचा कॉम्प्युटर साफ करतो, म्हणाला. मला त्याची दया आली. इतक्या उशिरापर्यंत दुसऱ्याच्या घरची घाण साफ करायची. आपल्याकडे जशी रीत आहे, तसे मी आधी विचारले, “साहेब, गाव कोणतं तुमचं?”

तो म्हणाला, “सर, हेड ऑफ़िस.”

“ते झालं. पण मूळ गाव? आईवडील कुठं राहतात?”

त्याने फोनच ठेवला. मी परत लावला तर उचलला नाही. कदाचित त्याला आईवडील नसतील. नकळत दुखावले त्याला. झोपण्याआधी त्याचे मंगल चिंतले.

१३ नोव्हेंबर

सरफराजभाई घरी येऊन गेले. बसस्टँडच्या मागे त्यांचे दुकान आहे. पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे, आता कॉम्प्युटर करतात. माझ्या बाबांचा रेडिओही त्यांच्याच हातचा. त्यांनी चष्मा वर केला, पाच मिनिटे पाहिले आणि म्हणाले, “नागसेनभाऊ, तुमी फॉन्ट नाई उतरवला, बारात उतरवली. एका नवरदेवासंगं पंधरा जन घरात घुसले. हा तुमी काय टाइप करता ते पाहून राहिला, हा जाहिराती दाखवून राहिला, आन हा बसला नुसता जेवत.”

फोनवरच्या माणसाचे सांगितले तेव्हा ते आधी हसले आणि मग गंभीर झाले. “ते ॲप टाकलं असतं त बँकेच्या पासबुकापासून सारं त्याच्या हाती होतं. गाव इचारलं म्हनून वाचले तुमी.” मला अजून वाटते, एवढा सभ्य माणूस तसा नसावा.

त्यांनी सारे पुसून नव्याने भरले. गाण्यांची फाइल शाबूत निघाली. फॉन्ट बदलायची गरजच नव्हती म्हणे, पीडीएफ करून दिली की कोणत्याही मशीनवर छापता येते. मग त्यांनी मला सांगितले आणि मी लिहून घेतले: अनोळखी जागेवरून काही उतरवू नये. पडदा घाबरवू लागला तर घाबरू नये, तार काढावी. अपडेट मागितले की द्यावे. पासवर्ड कठीण ठेवावा. फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर वेगळी ठेवावी.

मी विचारले, “आता तर कुणी घुसणार नाही?”

“भाईरचं कोनी नाई घुसत आता,” ते म्हणाले.

२० नोव्हेंबर

घुसले.

शेवटचे एकदा तपासावे म्हणून फाइल उघडली. तिसऱ्या पानावर ‘मला’ होते, त्याचे ‘मले’ झाले आहे. वाटले, माझीच चूक. पुढच्या पानावर ‘तुला’चे ‘तुले’, ‘त्याला’चे ‘त्याले’. चूक एकदा होते, अकरा वेळा होत नाही. सगळे बसून दुरुस्त केले.

२४ नोव्हेंबर

हंगाम जोरात आहे. कापसाच्या गाड्यांची रांग थेट रस्त्यापर्यंत. सकाळी आठ ते सायंकाळी सहा वजनकाट्यावर उभा असतो. घरी येतो तो या फाइलच्या धास्तीने.

आज ‘दळण दळते’चे ‘दयन दयतो’ झाले होते. म्हणजे या व्हायरसला स्त्री-पुरुषही कळत नाहीत. दळणारी बाई ‘दयतो’ कशी म्हणेल? घरात आई आणि माया म्हणतात तसे, ‘मी येतो’, ‘मी जातो’, पण ते बोलणे झाले. छापील पुस्तकाला व्याकरण आहे.

दिवसभर काट्यावर एकच विचार. व्हायरस परदेशातून येतात असे सरफराजभाई म्हणाले होते. मग त्याला वऱ्हाडी कशी येते?

पासवर्ड बदलला. कुणालाही सांगितलेला नाही. विसरू नये म्हणून इथे लिहून ठेवतो: narnala1976.

२८ नोव्हेंबर

पुन्हा. आता ‘काळा’चे ‘काया’, ‘डोळे’चे ‘डोये’. शिवाय कळफलक बिघडवून ठेवला आहे. ‘के’ दाबले की ‘क’ येण्याऐवजी नुसता काना उमटतो. एक वाक्य लिहायला गेलो तर काने-मात्रांची माळ तयार झाली.

इकडे माझा जीव टांगणीला आणि घरात दोघी खुशीत. आई सध्या फार हसते. संध्याकाळी आलो की तिचा गळा बसलेला असतो. दिवसभर काय बोलते कोण जाणे. मायाला विचारले तर म्हणाली, “सासूसुनेच्या गोष्टी हायेत, काट्यावर नका मोजू.”

३० नोव्हेंबर, रविवार

सरफराजभाई पुन्हा आले. त्यांनी तासभर तपासले. एकही व्हायरस नाही म्हणाले. मग कळफलक पाहिला आणि गालात हसले.

“नागसेनभाऊ, हा त टाइपरायटरवाला कीबोर्ड लावला हाय कोनीतरी. घरात कोनाची टायपिंगची परीक्षा झाली हाय काय?”

मी म्हटले, “मायाची झाली आहे, लग्नाआधी, मूर्तिजापूरला. मिनिटाला तीस शब्द, मराठी तीस. पण त्याला पंचवीस वर्षे झाली. ती आता विसरली असेल. आणि ते तर टाइपरायटरवर.”

माया तेवढ्यात चहा घेऊन आली. सरफराजभाई तिला म्हणाले, “भाभी, मराठी तीस म्हंजे सोपी गोष्ट नाई.”

“चहात साखर बरोबर हाय ना?” माया म्हणाली.

सरफराजभाईंनी अर्धा कप ठेवूनच चप्पल घातली. दारात म्हणाले, “या व्हायरसवर माह्यापाशी इलाज नाई. पैसे नका देऊ. एक करा, फाइल एकदा आईले पुरी वाचून दाखवा.”

आईला कॉम्प्युटरमधले काय कळते? इतका हुशार माणूस, पण हार मान्य करायची नाही म्हणून काहीतरी सांगून गेला.

६ डिसेंबर

सकाळी विहारात. पांढऱ्या कपड्यांतली माणसे, मेणबत्त्या, खाली बसलेली लहान-मोठी सारी गप्प. आई माझ्या दंडाला धरून उभी होती. त्रिशरण म्हणताना तिचा आवाज सगळ्यांत वर होता. पालीतला एकेक शब्द ती तिच्या पद्धतीने म्हणते, भंतेजी तिला कधी थांबवत नाहीत. मनात काहीतरी आले होते, पण घरी येईपर्यंत निसटले.

कॉम्प्युटरला हात लावला नाही.

८ डिसेंबर

आज हद्द झाली. जिथे जिथे ‘माझ्या’ होते तिथे ‘माया’. चौदा ठिकाणी. ‘माया लेकाच्या पाटीवर’, ‘माया माहेरच्या वाटेवर’, ‘माया हातचं दयन’. जणू व्हायरसने जागोजाग सही केली आहे.

मायाला बोलावून दाखवले. ती पदर तोंडाला लावून पाहत राहिली. मला वाटले घाबरली. म्हटले, “घाबरू नको. तुझं नाव आलं म्हणून काही होत नाही. आपल्या इकडं माझ्याला माह्या, माया असंच म्हणतात, तेवढंच.”

“असं काय,” ती म्हणाली.

आता मी पक्का बंदोबस्त केला. कॅमेऱ्याच्या डोळ्यावर चिकटपट्टी लावली. पासवर्ड पुन्हा बदलला: panjab@jin1961. शुद्ध केलेली फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि पेनड्राइव्ह बुद्धमूर्तीच्या मागे मेणबत्तीच्या रिकाम्या खोक्यात ठेवली. ही जागा मला आणि भगवंताला ठाऊक.

कॉम्प्युटरमधल्या फाइलकडे आता पाहायचेच नाही. तिथे त्याला काय धुमाकूळ घालायचा तो घालू दे.

१७ डिसेंबर

गाड्या, सरकी, धूळ. आज मूर्तीसमोर बसलो असताना खोके किंचित सरकलेले वाटले. मायाने पुसले असेल. ती इतके दिवस मूर्तीच्या मागे कधी पुसत नव्हती, आता पुसते. साधना म्हणते, बाबा, तुम्ही कॉम्प्युटरच्या नादात सगळ्यांवर संशय घेता. खरे आहे. आज कुणावरही संशय घ्यायचा नाही असे ठरवले आणि पाळले.

२१ डिसेंबर, रविवार

अकोल्याला जाऊन पेनड्राइव्ह किशोरभाऊंच्या हातात दिली, पीडीएफ तिथेच करायची ठरली. फाइल आधी घरी उघडून पाहिली नाही. उघडली तर व्हायरस लागायचा. किशोरभाऊ म्हणाले, “प्रूफ बुधवारच्या गाडीनं पाठवतो. गुरुवारी एक वाजेपर्यंत फोन करा. त्यानंतर मशीन लागलं की मंग माह्या हातात काही नाई.”

परतताना खिडकीशी जागा मिळाली. फार दिवसांनी काळजी न करता बसलो. दोन्ही बाजूंना कापसाने पांढरी वावरं. वाटले, मी जिंकलो.

२५ डिसेंबर, गुरुवार

आजचे सविस्तर लिहितो.

काल संध्याकाळी कंडक्टरकडून प्रूफ घेतले आणि मुद्दाम उघडले नाही. आज जिनिंगला सुट्टी. सकाळच्या उन्हात आईची खाट अंगणात टाकली, मी शेजारी खुर्ची घेतली आणि पाकीट फोडले.

पहिल्याच ओळीवर ‘दयन दयतो’.

पाने उलटली. मले, तुले, डोये, काया. शेवटपर्यंत तेच. व्हायरस मूर्तीच्या मागेसुद्धा पोहोचला. अकरा वाजले होते आणि एकशे बारा गाणी दोन तासांत फोनवरून दुरुस्त करायची होती. लाल पेन घेतले. मला मोठ्याने वाचल्याशिवाय चूक दिसत नाही, शाळेपासूनची खोड. वाचू लागलो:

“दयन दयतो मी, पीठ पडे पांढरं...”

‘तो’वर पेन टेकवले होते. खाटेवरून आवाज आला,

“माया लेकाच्या पाटीवर तसंच अक्षर.”

कोन्या बाईचं हाय, हे तिने विचारले नाही. तिचा उजवा हात गोधडीतून बाहेर आला आणि गोल फिरू लागला. खुंटा नाही, जाते नाही. हात मात्र फिरत होता.

मी दुसऱ्या गाण्याची ओळ वाचली. तिने पुढची उचलली. तिसरे, चौथे. पेनाचे टोपण कधी लावले ते आठवत नाही. मी अर्धे म्हणायचो, ती अर्धे. दोन वर्षे मी तिची गाणी टाइप केली, पण त्या दोन वर्षांत माझ्या वाचण्यावर तिने एकदाही सूर धरला नव्हता. ते माझ्या ध्यानातच आले नव्हते.

एकोणिसाव्या पानावर ती थांबली.

“थांब. ‘आंगन’ नाई ते, ‘वावर’ हाय. मायाले म्हटलं होतं मी त्याच दिशी. तिनं बदललं नाई वाटते.”

स्वयंपाकघरातून आवाज आला, “बदललं होतं मायबाई मी. लाइन गेली, सेव कराचं राहून गेलं.”

कढईत फोडणी तडतडली.

मी आत गेलो. माया वळली नाही. मी म्हटले, “तू?”

“मंग कोन, परदेशातला?”

“मला सांगायचं नाही?”

“सांगतलं असतं त तुमी व्याकरण काढलं असतं.” ती भाजी परतत होती. “तुमी ते पयलं गानं वाचून दाखवलं ना, त्या दिवशी तुमी निजल्यावर मायबाई मले म्हने, नागसेननं कोन्या दुसऱ्या बाईचं पुस्तक केलं, माहं राहूनच गेलं. तुमाले सांगू नको म्हने, एवढी मेहनत केली पोरानं. मंग मी काय करतो? तुमी काट्यावर गेले की त्या म्हनत, मी टाइप करत.”

“आणि पासवर्ड?”

ती कपाटातल्या या वहीकडे पाहत म्हणाली, “मी दुसऱ्याची वही वाचत नाई. पुसता पुसता उघडी दिसली.” मग कलथा ठेवून पुढे म्हणाली, “टायपिंग इसरली असंन म्हने मी. मराठी तीस. हात पुसून यंत्रावर बसा एकदा माह्यासंगं.”

आई बाहेरून म्हणाली, “त्याले नको बोलू व. हासले होते त्याले कालेजात.”

म्हणजे हे तिला ठाऊक होते. मी घरात कधी सांगितले नव्हते. तेव्हा सुट्टीत घरी आलो की मी तिच्याशीही वेगळेच बोलू लागलो होतो, त्यावरून तिने ओळखले असेल. तीस वर्षे तिने मला तसे बोलू दिले.

चौथे शील रोज म्हणतो, खोटे बोलण्यापासून अलिप्त राहीन. दुसऱ्याच्या तोंडी आपले शब्द घालणे त्यात येते का, याचा विचार आजवर केला नव्हता. मूर्तीसमोर जरा वेळ बसलो. खोके पाहून हसू आले.

पाऊण वाजता किशोरभाऊंना फोन केला. ते म्हणाले, “बोला तायडेभाऊ, किती दुरुस्त्या?”

“एकच. पान एकोणीस. आंगन काढा, वावर टाका.”

“बस? मले वाटलं तुमी सारं बदलाले लावसान. माह्या बायकोनं प्रूफ वाचलं, दुपारचा सैपाक राहिला तिचा.”

३ जानेवारी २०२६, शनिवार

विहारात दीडशे प्रती गेल्या. भंतेजींनी पहिली प्रत माझ्या हाती दिली, मी ती मायच्या हाती दिली. तिने पुस्तक उलटे धरले होते, मी सरळ केले. तिने पानावरून हात फिरवला आणि म्हणाली, “मी कुठं हाय?”

या वेळी मी नाव दाखवले नाही. तिचे बोट धरून तिसऱ्या पानावरच्या ‘मले’वर ठेवले. म्हटले, “हे पाह्य. हे तू. आन हे खालीबी तूच.”

“एवढूशी?” ती म्हणाली.

पुढे बायकांनी तिला गायला लावले. माया पुस्तकात पाहून म्हणत होती. आमच्याकडच्या चार कॉलेजच्या पोरी मागे बसल्या होत्या. मी त्यांच्याकडेच पाहत होतो, हसतात का म्हणून. त्या हसल्या नाहीत. त्यांतल्या एकीने शेजारणीला विचारले, “पुस्तक कुठं भेटते व हे?”

सरफराजभाई नमाज आटोपून खास आले होते. कानाशी लागून म्हणाले, “व्हायरस सापडला काय?”

“सापडला.”

“काढला?”

“नाई. राहू देला.”

“अपडेट मात्र देत जा त्याले वेळच्या वेळी,” म्हणाले आणि जेवणाच्या पंगतीत मायाला हाक मारून दोनदा बुंदी मागून घेतली.

४ जानेवारी, रविवार

आज सहज ही वही पहिल्यापासून वाचायला घेतली. २ नोव्हेंबरच्या पानावर मी लिहिले होते, ‘दोन बोटांनी टाइप करणारा माणूस मी, मला दोन वर्षे लागली.’ त्यातल्या ‘मला’चा काना पेन्सिलने खोडून वर मात्रा दिली आहे. हात शिकलेल्या टायपिस्टचा नाही, घाईत कपाट पुसणाऱ्या बाईचा आहे. खाली समासात बारीक अक्षरात लिहिले आहे, ‘आईचं माय कवा करनार?’

ते मी कालच्या पानावरच केले होते, तिने अजून पान उलटले नसावे.

कॅमेऱ्यावरची चिकटपट्टी तशीच राहू दिली आहे, सरफराजभाईंनी ती बरी असते म्हटले. नवा पासवर्ड मात्र या वेळी वहीत लिहिला नाही. तिघांनी मिळून ठेवला, मायने सांगितलेला शब्द आहे, बाहेरच्या कुणाला सुचायचा नाही.

वही मिटून कपाटात ठेवताना मागून एक पेन्सिल खाली पडली. मायाने तिथे लपवली होती वाटते. उचलून तिला नीट टोक केले आणि वहीतच ठेवून दिली.